वीस लाखांचं छत आणि पंधरा वर्षांचा पोरगा

प्रति,
संचालक मंडळ, न्यूझीलंड रग्बी, वेलिंग्टन
आणि चौदा प्रांतिक संघटनांचे अध्यक्ष

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र मराठीत आहे, हे पाहून बुचकळ्यात पडू नका. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. ती चार परिच्छेदांची आहे आणि अगदी सभ्य आहे. पण मनापासून भांडायचं असलं की मला माझीच भाषा लागते. शिवाय या देशात आता आमची बरीच मराठी घरं आहेत आणि शनिवारी सकाळी आमची पोरंही चिखलात लोळून घरी येतात. त्यांच्या आईबापांनीही हे वाचावं, असं वाटतं.

त्यांच्यासाठी दोन ओळी. न्यूझीलंडच्या रग्बीचे तीन मजले आहेत. सर्वांत वर काळ्या जर्सीतले ऑल ब्लॅक्स. मधल्या मजल्यावर सुपर रग्बीचे मोजके संघ, ज्यांच्या खेळाडूंचा पगार वेलिंग्टनहून येतो. तळमजल्यावर चौदा प्रांत, म्हणजे एनपीसी ही प्रांतिक स्पर्धा. 1976 साली ती सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद बे ऑफ प्लेंटीने घेतलं. प्रांताचे खेळाडू प्रांताच्या खिशातून जगतात. माझं भांडण या तळमजल्यावरच्या पगारमर्यादेचं आणि खेळाडूभरतीचं आहे, कारण पाया तोच आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. फेब्रुवारी 2009 मध्ये शिकायला इन्व्हरकार्गिलला आलो. नकाशात पाहाल तर याच्या खाली थोडा समुद्र, एक स्टुअर्ट बेट, आणि मग थेट बर्फ. रग्बीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू पुढे न्यायचा, पण हाताने द्यायचा मागे, हे कळायलाच दोन महिने गेले. त्याच वर्षी 22 ऑक्टोबरला आमच्या साउथलंडने कँटरबरीला त्यांच्याच घरी, क्राइस्टचर्चमध्ये, 9-3 असं हरवलं. सामन्यात एकही ट्राय नाही, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे नेऊन कुणीच टेकवला नाही. नुसती रेटारेटी आणि लाथेवर मिळालेले गुण. पण त्या रात्री रॅनफर्ली शील्ड, म्हणजे जिच्याकडे असेल त्या प्रांताला हरवून जिंकायची मानाची ढाल, 50 वर्षांनी साउथलंडला आली. घरमालकीण, वय पंचावन्नच्या आसपास, गाऊनवरच रस्त्यावर आली आणि शेजाऱ्याच्या गाडीचा हॉर्न दाबत उभी राहिली. मागच्या वेळी, 1959 साली, तिने हे पाहिलं होतं ते वडिलांच्या खांद्यावर बसून, असं ती सांगत होती. आजूबाजूला जे चाललं होतं ते मला नवीन नव्हतं. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ फायनल जिंकला की आमच्याकडे हेच होतं, फक्त गुलाल जास्त असतो.

म्हणून तुमचा खेळ मला लगेच आपला वाटला. कोल्हापूरचा फुटबॉल जगाला ठाऊक नाही, पण तो पेठांचा आणि तालमींचा आहे. कुठल्या तालमीकडून खेळायचं हे पोराने ठरवायचं नसतं, ते त्याच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. निदान ठरलेलं असायचं. पुढे बक्षिसाच्या रकमा वाढल्या आणि बाहेरचे खेळाडू यायला लागले, अगदी आफ्रिकेतून आलेलेसुद्धा. खेळ सुधारला, यात वाद नाही. पण कट्ट्यावरचे म्हातारे एकमेकांना विचारू लागले, 'ह्यो आपला कुठला?' कुठलाही प्रांतिक खेळ याच प्रश्नावर उभा असतो. तुम्ही पगाराच्या मर्यादेचे, भरतीचे जेवढे नियम करता ते सगळे शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

आता मुद्द्यावर येतो. 2006 साली तुम्ही चौदा संघांची नवी रचना आणली आणि सोबत पगारावर मर्यादा घातली. तेव्हाचा नियम असा, एका प्रांताने एका मोसमात खेळाडूंवर 20 लाख डॉलरच्या वर खर्च करायचा नाही. हे करायला तुम्हाला कॉमर्स कमिशनची, म्हणजे व्यापारातल्या संगनमतावर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाची, परवानगी काढावी लागली, आणि ती काढावी लागली हे योग्यच झालं. कारण सरळ भाषेत सांगायचं तर ही चौदा गिऱ्हाइकांची संगनमताने केलेली भावबंदी आहे. आमच्या कोल्हापुरात गुळाच्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून 'अमक्या दराच्या वर सौदा काढायचा नाही' असं ठरवलं असतं, तर शेतकऱ्यांनी मार्केट यार्डाला कुलूप ठोकलं असतं. कमिशनने तरीही मान्यता दिली, कारण लोकांचा फायदा जास्त दिसला. स्पर्धा अटीतटीची होईल, मैदानं भरतील, लहान प्रांतही जिंकू शकतील. म्हणजे खेळाडूचा भाव दाबण्याची परवानगी तुम्हाला मिळाली ती एका वचनावर.

ते वचन किती पाळलं गेलं, ते विजेत्यांच्या यादीत दिसतं. 2008 पासून 2013 पर्यंत ओळीने सहा वर्षं कँटरबरी. 2014 ला टारानाकीने मध्येच पाय घातला. मग 2015, 2016, 2017 पुन्हा कँटरबरी. दहा वर्षांत नऊ वेळा एकच संघ. यातलं 2011 चं विजेतेपद तर त्यांनी भूकंपाने शहर उद्ध्वस्त झालेलं असताना, लँकेस्टर पार्कसारखं घरचं मैदान गमावून मिळवलं. त्या जिद्दीला माझा सलाम आहे, साउथलंडच्या माणसाच्या तोंडून असं निघत नाही तरी. पगारावर छत असताना हे झालं, हे मात्र लक्षात घ्या. छत नव्हतं तेव्हा, 1985 ते 1993, ऑकलंडने शील्ड 61 वेळा राखली होती आणि तेव्हा तर खेळ हौशी होता, अधिकृतपणे कुणाला पगारच नव्हता. म्हणजे पगार नसतानाही एक संघ माजला आणि पगाराला मर्यादा घातल्यावरही एक संघ माजला. मग दुखणं पगारात आहे तरी का?

छताचा उपयोग कुणाला, ते पाहा. ज्याचं डोकं छताला लागतं त्यालाच छत अडवतं. आयपीएलमध्ये पगाराची मर्यादा चालते, कारण तिथे प्रत्येक संघाला मध्यवर्ती उत्पन्नातून एवढा वाटा मिळतो की लिलावात सगळे जवळपास छतापर्यंत पोचतात. इथे मोठी शहरं छताला हात लावून उभी असतात. लहान प्रांत कर्ज काढून टाचा उंचावतात किंवा जमिनीवरच बसून राहतात. आमच्या शेजारच्या ओटॅगो प्रांताने टाचा उंचावल्या होत्या. 2012 साली ती संघटना दिवाळखोरीच्या दारात जाऊन आली. महापालिकेने आणि तुम्ही हात दिला म्हणून वाचली. साउथलंडचीही तीच रड. शील्डची धुंदी उतरली, ती 2010 मध्ये परत कँटरबरीकडे गेली, आणि पुढे आमच्याकडे हरण्याचा सपाटा असा लागला की मोसमामागून मोसम रग्बी पार्कवर आम्ही फक्त वारा खायला जात होतो. फोव्हो सामुद्रधुनीवरून येणारा तो वारा कुठलंही छत मानत नाही.

पैशाची तंगी आली की तुमच्याकडून एकच सूर निघतो, छत आणखी खाली घ्या किंवा लहान संघ कमी करा. आधी दुसऱ्याबद्दल बोलतो, कारण त्याचा निकाल मैदानावरच लागला आहे. 2008 मध्ये तुम्ही जाहीर केलं होतं की तस्मान आणि नॉर्थलंड यांना पहिल्या श्रेणीतून काढणार. काही आठवड्यांत ओरड झाली आणि तुम्ही मागे फिरलात. तस्मान म्हणजे नेल्सन आणि मार्लबरो यांना जोडून 2006 मध्ये बनवलेला संघ, तेव्हा उणापुरा दोन वर्षांचा. न्यूझीलंडमधला पहिला रग्बी सामना 1870 मध्ये झाला तो याच नेल्सनमध्ये. त्या तस्मानने 2019 मध्ये एकही सामना न हरता विजेतेपद घेतलं आणि 2020 मध्ये ऑकलंडला ईडन पार्कवर 13-12 असं हरवून ते राखलं. त्या वेळी तुमचा निर्णय टिकला असता तर या दोन वर्षांत कप कुणाच्या कपाटात गेला असता, हे सांगायला ज्योतिषी नको.

2013 चा मोसम आठवतोय? शील्ड वायकाटोकडे होती. ओटॅगोने ती 56 वर्षांनी आणली, दिवाळखोरीच्या दारातून परतल्यावर अवघ्या दीड वर्षात. हॉक्स बेने ती ओटॅगोकडून उचलली, 1969 नंतर प्रथमच. आणि घरी ठेवायला जागा करेपर्यंत काउंटीज मनुकाऊने ती हॉक्स बेकडून पळवली, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. एका मोसमात तीन गावं वेडी झाली. या लाकडाच्या ओंडक्यासाठी (किवी लोक प्रेमाने तिला ओंडकाच म्हणतात) दुसरी कुठली जाहिरात करायला नको. मग तळमजल्यावरच्या रग्बीत लोकांना रस उरला नाही असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. लोकांना रस आहे. त्यांना फक्त निकाल आधीच माहीत नको असतो.

आता खरी गोष्ट. ती पगारपत्रकाच्या बरीच आधी सुरू होते.

आमच्याकडे मताउरा नावाचं गाव आहे. गोरजवळचं, मटणाच्या कारखान्याचं. या एवढ्याशा गावाने देशाला दोन हाफबॅक दिले, जस्टिन मार्शल आणि जिमी कोवन. मार्शल साउथलंडकडून सुरुवात करून 1995 मध्ये कँटरबरीला गेला आणि तिथलाच झाला. कोवन इथेच राहिला. पुढे सीवर्ड डाउन्स नावाच्या, नकाशात भिंग घेऊन शोधाव्या लागणाऱ्या वस्तीतून डेमियन मॅकेंझी आला. शाळेसाठी तो क्राइस्टचर्चला गेला, विद्यापीठासाठी हॅमिल्टनला, आणि 2014 पासून वायकाटोचा झाला. साउथलंडच्या वाट्याला त्याचं बालपण आलं. रिची मकॉ हा वायटाकी खोऱ्यातल्या कुरो भागातला, डनेडिनच्या ओटॅगो बॉइज शाळेत शिकलेला. शाळा संपल्यावर लिंकन विद्यापीठात गेला आणि कँटरबरीला मिळाला. दोन विश्वचषक जिंकणारा कर्णधार. त्याला न्यायला कँटरबरीने छतापर्यंतचे पैसे मोजले नाहीत. त्यांच्याकडे चांगलं विद्यापीठ होतं, उत्तम अकादमी होती, वरच्या मजल्यावर क्रुसेडर्स हा सुपर रग्बीचा संघ होता, आणि 'इथे ये, इथून वर जाता येतं' असं सांगणारी माणसं होती. जिना कुणाच्या अंगणात आहे, यावर सगळं ठरतं.

यात मकॉचं किंवा मॅकेंझीचं काही चुकलं नाही. पोराने शिकावं, पुढे जावं. मी स्वतः कोल्हापूर सोडून पृथ्वीच्या टोकाला आलो, मी कुणाला 'गाव सोडू नको' म्हणून सांगणार? खेळाडूचं आयुष्य दहा वर्षांचं, एक गुडघा गेला की पाच वर्षांचं. डोक्याला मार बसून निवृत्त झालेली, उजेडात डोळे मिटून बसणारी माणसं मी इथे पाहिली आहेत. त्यांच्या पगारावर मर्यादा घालताना आपण कुणाचा हात धरतोय याची लाज वाटली पाहिजे. माझा आक्षेप नियमाच्या जागेवर आहे. नियम तेवीस वर्षांच्या पोराच्या पाकिटावर बसवलाय आणि सौदा झालेला असतो तो पंधराव्या वर्षी.

तो सौदा कसा होतो, ते मी यंदा जवळून पाहिलं. माझा मुलगा इथेच जन्मला, हूकर खेळतो, म्हणजे रेटारेटीत पुढच्या फळीच्या मधोमध. कोल्हापुरी मान आणि साउथलंडचं दूध, दोन्ही कामाला आलं. आमचा क्लब लहान आहे. मी खेळत नाही, म्हणून माझ्याकडे कपडे धुण्याचं काम. शनिवारी संध्याकाळी तेवीस जर्सी गरम पाण्यात भिजवायच्या, चिखलाचं पाणी तीनदा बदलायचं, रविवारी दोरीवर वाळत घालायच्या. थंडीत त्या वाळत नाहीत, गोठून फळीसारख्या उभ्या राहतात. मग गॅरेजमध्ये हीटर लावायचा आणि विजेच्या बिलाकडे बघायचं नाही. बायको टपरी सांभाळते. चीज रोल दोन डॉलर, चहा एक डॉलर. (चीज रोल म्हणजे पावाची गुंडाळी करून भाजलेली, इथल्या लोकांचा वडापाव समजा.) हा गल्ला मोजून पुढच्या मोसमाचे चेंडू येतात.

जूनमधल्या एका सामन्याला कुंपणाशी एक गृहस्थ उभे होते. नवीन जॅकेट, स्वच्छ बूट. आमच्या मैदानावर स्वच्छ बूट दिसले की समजायचं माणूस बाहेरचा. हाफटाइमला त्यांनी बायकोकडून चीज रोल घेतला, वीस डॉलरची नोट देऊन सुटे परत घेतले नाहीत, आणि मुलाचं वय विचारलं. तीन आठवड्यांनी घरी पत्र आलं. दुसऱ्या प्रांतातली नावाजलेली शाळा, वसतिगृहासह शिष्यवृत्ती, रग्बीसाठी जिम, शिवाय 'शैक्षणिक वातावरण'. माणूस वागायला चांगला होता, खोटं काही बोलला नाही. मला राग त्याचा नाही. राग याचा आहे की या सगळ्या व्यवहारात तुमचा एकही नियम कुठे आडवा आला नाही. दोन वर्षांनी तो तिथल्या अकादमीत जाईल, चार वर्षांनी तिथला 'स्थानिक' खेळाडू म्हणून मोजला जाईल, आणि त्याचा पगार त्यांच्या छताखाली आरामात बसेल.

शाळांनाही हे जाचायला लागलं आहे. 2018 च्या शेवटी ऑकलंडमधल्या दहा शाळांनी एका श्रीमंत शाळेच्या पहिल्या संघाशी खेळायलाच नकार दिला होता, कारण ती इतर शाळांचे तयार खेळाडू उचलते असा त्यांचा आरोप होता. शेवटी सगळ्यांना बसून आचारसंहिता करावी लागली. मुख्याध्यापकांना जे कळलं ते तुमच्या मंडळाला कळायला हरकत नसावी.

भरतीचे नियम कसे असू शकतात, यासाठी मला दोन ठिकाणं आठवतात. पहिलं माझ्या घराजवळचं. रणजी करंडकात मुंबईने 42 वेळा विजेतेपद घेतलंय, त्यातली पंधरा ओळीने. तुमच्या ऑकलंड-कँटरबरीची बेरीज केली तरी मुंबईचा दरारा जास्त. एकट्या महाराष्ट्रात तीन संघ आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. विदर्भाला कोणी गणतीत धरत नसे. तिथे बाहेरचे खेळाडू घ्यायला परवानगी आहे, पण तीनच, आणि आधीच्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. विदर्भाने ही तीन माणसं विचार करून निवडली. मुंबईत धावांचे डोंगर रचलेला वसीम जाफर त्यांच्याकडे आला, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले, ते मुंबईचेच. बाकीचे आठ जण विदर्भाच्या अकादमीतून घडवले. 2017-18 ला त्यांनी करंडक घेतला, पुढच्या वर्षी राखला, आणि 2024-25 ला परत जिंकला. तीनची मर्यादा नसती तर त्यांनी आठ आणले असते, आणि नागपुरातल्या पोरांना पाणी देण्याचं काम उरलं असतं. मर्यादा शून्य असती तर जाफरशेजारी उभं राहून शिकायला कुणाला मिळालं नसतं.

दुसरं ठिकाण फ्रान्स. तिथल्या क्लबांकडे पैसा बक्कळ. जगभरातून खेळाडू आणायचे आणि फ्रेंच पोरं बाकावर. 2010 च्या सुमारास त्यांनी 'जिफ' नियम आणला, म्हणजे फ्रान्समध्ये घडलेले ठराविक खेळाडू संघात असलेच पाहिजेत, आणि तो आकडा वर्षागणिक वाढवत नेला. फ्रान्सच्या वीस वर्षांखालील संघाने 2018, 2019 आणि 2023 ला विश्वविजेतेपद घेतलं, थोरल्यांनी 2022 ला ग्रँड स्लॅम, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकले. सगळं श्रेय एका नियमाला देणार नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे. त्यात एक भोकही आहे. शिक्का मिळतो तो अकादमीत काढलेल्या वर्षांवरून. मग क्लब काय करतात? फिजीमधला पोरगा कोवळ्या वयात आणतात, अकादमीत तीन वर्षं ठेवतात, झाला तो जिफ. तुम्ही हा नियम जसाच्या तसा उचललात तर क्राइस्टचर्चच्या शाळा तेच आमच्या पोरांबाबत करतील. खरं तर करतातच.

म्हणून माझं म्हणणं असं. शिक्का पहिल्या क्लबचा असावा. पोरगा तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्या प्रांताच्या क्लबात नोंदलेला होता, तो त्याचा मूळ प्रांत. तो पुढे कुठेही शिको, कुठेही खेळो, त्याला कुणी अडवायचं नाही. पण मूळ प्रांताकडून खेळला तर त्याच्या पगाराचा अर्धाच भाग छतात मोजायचा. दुसऱ्या प्रांताने घेतला तर पूर्ण मोजायचा. खेळाडूला पैसे तेवढेच मिळतात, कदाचित घरी जास्त मिळतात, कारण घरच्या प्रांताला त्याला चार पैसे जास्त देणं परवडतं. सामन्याच्या तेवीस जणांत बाहेरचे किती, यालाही मर्यादा हवी. किती ते तुम्ही ठरवा, पण मोसमाच्या मध्यात गरजेनुसार बदलणारी नको. उसने खेळाडू द्यायचे तर वेलिंग्टनहून पगार घेणारे, पण स्वतःच्या प्रांतात बाकावर बसणारे द्या. कँटरबरीचा तिसरा हूकर आमच्याकडे पहिला असतो.

पैशाबद्दल. फुटबॉलमध्ये क्लब बदलताना मोजल्या जाणाऱ्या रकमेचा 5 टक्के भाग त्या खेळाडूला 12 ते 23 वर्षांच्या काळात घडवणाऱ्या क्लबांना वाटून द्यावा लागतो. रग्बीत सुपरचा प्रत्येक करार तुमच्याच टेबलावर होतो, म्हणजे हिशेब ठेवणं तुम्हाला फुटबॉलपेक्षा सोपं. कराराच्या रकमेच्या 5 टक्के तुम्ही वेगळे काढा, खेळाडूच्या पगारातून कापू नका, आणि ते पहिल्या क्लबला आणि मूळ प्रांताला दरवर्षी पाठवा. आमच्या क्लबातून वर गेलेल्या एका मुलाची आठवण म्हणून आमच्याकडे आज काय आहे, सांगू? सही केलेली एक जर्सी, काचेच्या फ्रेममध्ये. फ्रेमचे पैसे आम्हीच दिले.

आणि जमीन. छत आहे तसं जोतंही ठरवा. एवढ्यापेक्षा कमी खर्चात संघ उतरवायचा नाही, आणि ज्याला तेवढं जमत नाही त्याला फरक मध्यवर्ती निधीतून. सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचे पैसे 2022 मध्ये आले तेव्हा सगळ्यांना वाटा मिळाला. तो बहुतेकांनी भोकं बुजवायला वापरला, त्याला इलाज नव्हता. पण एकदाच मिळालेली रक्कम म्हणजे लग्नातला आहेर, त्यावर संसार चालत नाही.

नियम करून तो मोडणाऱ्याकडे डोळेझाक होणार असेल तर मात्र काही करू नका. इंग्लंडने 2019-20 मध्ये सॅरासेन्स या रग्बी क्लबला पगारमर्यादा मोडल्याबद्दल 53 लाख पौंडांहून जास्त दंड केला, गुण कापले आणि युरोपचा विजेता संघ खालच्या श्रेणीत गेला. इथे चौदा अध्यक्ष एकमेकांना नावाने हाक मारतात, एकमेकांच्या लग्नकार्यांना जातात. कुणी कुणाच्या वह्या उघडायच्या, हे आधी ठरवा. त्यासाठी बाहेरचा माणूस नेमलात तर मैत्रीही टिकेल.

तुमच्यातले काहीजण म्हणतील की पत्र साउथलंडचं आहे, म्हणजे हरणाऱ्याचं आहे. बरोबर आहे. पण 2025 चा अंतिम सामना पाहा, कँटरबरी विरुद्ध ओटॅगो, आणि कप पुन्हा कँटरबरीकडे. त्यांच्या माणसांनाही विचारा. आमच्या कारखान्यात पॅकिंगला एक क्राइस्टचर्चचा आहे, लाल-काळा स्कार्फ घालूनच कामावर येतो. 2013 च्या सहाव्या विजेतेपदाच्या दिवशी तो काय करत होता असं विचारलं, तर म्हणाला, 'गवत कापत होतो बहुतेक.' 2009 ला शील्ड गमावली तेव्हा कुठे होता, हे मात्र त्याला मिनिटासकट आठवतं.

पुढच्या मोसमात तुमच्यापैकी एखाद्याने इन्व्हरकार्गिलला यावं, ही विनंती. खास कक्षात बसू नका. सकाळी क्लबच्या मैदानावर या, बूट खराब होतील असेच घालून या. चीज रोलचे पैसे मी देईन.

मुलाच्या पत्राला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ते फ्रिजवर अंबाबाईच्या मॅग्नेटखाली लावून ठेवलंय. त्याची आई म्हणते जाऊ दे, शाळा चांगली आहे. काल कोल्हापूरला फोन केला तर वडील म्हणाले, 'दुसऱ्या पेठेकडनं खेळणार व्हय रे?' आणि मग थोडं थांबून, 'जेवण बरं असतंय का तिथं?' पोरगा काही बोलत नाही. जेवण झालं की गॅरेजमध्ये जातो, आणि यंदा पहिल्यांदाच, न सांगता, जर्सी हीटरपुढे उलट्यासुलट्या करत बसतो.

आपला,
साउथलंडच्या एका क्लबाचा धोबी,
मुक्काम इन्व्हरकार्गिल